कांबळेसाहेबांची पाहणी

कांबळेसाहेबांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी पंचावन्न वर्षांची अगदी कोवळी पोर होते. नातवंडं हसतात या वाक्याला. हसू देत. अकलेवरून वय मोजायचं ठरवलं तर तेव्हाची मी आमच्या बालवाडीतल्या नातवापेक्षाही लहान भरेन. त्याला निदान आपल्याला बुटाची नाडी बांधता येत नाही हे ठाऊक आहे. मला तेव्हा सगळंच येत होतं.

परवा थोरल्या नातीनं लॅपटॉप माझ्यापुढं आणून ठेवला. तिला आणि तिच्या दोन मैत्रिणींना कसलासा धंदा काढायचाय, आणि त्यासाठी सरकारी योजनेचा फॉर्म भरणं चाललं होतं. एका रकान्यापाशी तिचं बोट अडलं. किती जणांना रोजगार मिळेल, असा तो रकाना. ती म्हणाली, आज्जी, पन्नास टाकू का, जरा भारदस्त दिसेल. मी म्हटलं टाक बाई, रकाना काय तक्रार करत नाही, तक्रार नंतर येणारा माणूस करतो. ती म्हणाली कुठला माणूस, आता सगळं ऑनलाइन असतं. मग मला दिवसभर दुसरं काही सुचेना. भाजी करपली.

आमचं गाव जयसिंगपूरहून नरसोबाच्या वाडीला जाताना लागतं. चहूकडं ऊस, मधे आम्ही. मुलगा पुण्याला, मुलगी सांगलीला, आमचे हे शेतात, आणि मी घरात रिकामी. रिकामी बाई आणि सुटलेली म्हैस दोघी दुसऱ्याच्याच रानात शिरतात. माझी कांदा-लसूण चटणी भावकीत नावाजलेली होती. उन्हाळा आला की दहा घरच्या चटण्या माझ्या हातून व्हायच्या. जो तो म्हणायचा, वैनी, तुम्ही कारखाना काढा. लोक असं म्हणतात ते फुकट चटणी मिळते म्हणून, हे कळायला मला आणखी वर्षभर लागलं.

तशात जयसिंगपूरला उद्योगाच्या योजनांचा मेळावा झाला. मी नवी साडी नेसून पहिल्या रांगेत. चार-पाच साहेब बोलले, सगळे माइक असूनही ओरडून. शेवटी एक उंच, वाळक्या शेंगेसारखे गृहस्थ उठले. मे महिना, आणि शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत, वर बटणं लावलेली. आवाज इतका हळू की मागच्यांनी पंखा बंद करायला लावला. आमच्या मुलखात हळू बोलणारा माणूस आजारी तरी असतो नाहीतर जावई. हे म्हणाले, "सरकार मदत देतंय ती तुम्ही हुशार हायसा म्हणून न्हाय. गावातल्या चार माणसांना गावात काम मिळावं म्हणून देतंय. माणसं दिसली तर मदत. न्हायतर न्हाय." आणि बसले. माझ्या कानात त्यातला 'सरकार मदत देतंय' एवढाच तुकडा शिरला. बाकीचं वाऱ्यावर गेलं. यांना भाषण करता येत नाही असं मी शेजारणीला सांगितल्याचंही आठवतं.

महिन्याभरात मी परसातल्या जनावरांच्या शेडला रंग दिला आणि पहिलं काम काय केलं असेल, तर बोर्ड रंगवून घेतला. 'विश्वरुची इंटरनॅशनल'. चटणी कांडायचं मशीन यायचं होतं, पाकिटं यायची होती, गिऱ्हाईक यायचं होतं. बोर्ड आला होता.

कामाला दोघी होत्या. एक सोनाबाई, बोलायची कमी आणि तिखट निवडायची बिनचूक. दुसरी मालन. मालनचा नवरा पुण्यात एका नव्या बिल्डिंगवर वॉचमन होता आणि तिला तिकडं बोलवत होता. बिल्डिंगच्या तळाशी एक पत्र्याची खोली, तिथं राहायचं. मालनची मुलगी इथं जयसिंगपूरला शाळेत होती, हुशार होती, आणि ती खोली बघून आल्यापासून मालन जायचं नाव काढत नव्हती. कामावर आली त्याच दिवशी तिनं मला विचारलं, "आक्का, ह्ये काम बारा म्हयने हाय का चार?" मी म्हटलं बारा. अगदी ठासून म्हटलं. तिनं नवऱ्याला निरोप धाडला, एवढी शाळा सुटंपतूर थांबा, मग काय ते बगू.

आता गोष्ट अशी होती की माझ्याकडं बारा महिन्यांचं काम नव्हतं. ते मशीनवर अवलंबून, मशीन सरकारी मदतीवर, आणि मदत मिळायची तर बारमाही सहा बायका कामाला पाहिजेत. माझ्याकडं दोन. मी फॉर्मात सहा लिहिल्या. चार पुढं येणारच आहेत, आज लिहिलं काय अन् उद्या लिहिलं काय, असं माझं गणित.

आणि मग पाहणीला साहेब येणार असा फोन आला.

पाहणी म्हणजे सरकारी माणूस येऊन कागदावरचं जागेवर आहे का ते बघतो. मी चार बायका जमवल्या. धाकटी जाऊ, तिची बहीण, शेजारच्या पारूकाकी आणि सांगलीहून मुद्दाम आलेल्या माझ्या नणंदबाई. नणंदबाईंना मी साधी साडी नेसा म्हणाले होते. त्या म्हणाल्या साहेब येणार आणि साधी कशी. हातात पाटल्या, कपाळाला चंद्रकोर, अशा त्या मिरच्यांची देठं खुडायला बसल्या. जाऊबाईंच्या बहिणीनं तर हातरुमालानं मिरची धरली होती. मी लांब उभी राहून बघितलं आणि मला वाटलं, काय उद्योग उभा केलाय बाई मी.

जुनाट स्कूटरवरून कांबळेसाहेब आले. मेळाव्यातले तेच. हेल्मेट काढलं, बोर्डकडं बघितलं, आणि मला हळूच विचारलं, "वैनी, पलीकडं निपाणीला विकली तर इंटरनॅशनल धरायचं काय?"

मी आतून शिरा आणि भजी आणली. त्यांनी पाणी घेतलं, बाकीचं नको म्हणाले. तेवढ्यात जाऊबाईंनी माझ्या कानाशी येऊन साहेबांचं आडनाव सांगितलं, जणू मला ठाऊक नव्हतं. मी म्हणजे तालुक्यातली मोठी सुधारक. माझ्या अंगात एकदम संचार झाला. मी ताटली पुढं सरकवत मोठ्यांदा म्हटलं, "साहेब, आमच्या घरात तसलं काही पाळत नाहीत हं. अगदी मोकळेपणानं खा."

त्यांनी चष्मा पुसला. "वैनी, फाईल उघडी असंपर्यंत मी कुणाच्याच घरी खात न्हाय. ब्राह्मणाच्या न्हाय, मराठ्याच्या न्हाय, माझ्या मेव्हण्यानं फाईल टाकली तर त्याच्याबी घरी न्हाय. तुम्ही त्यात जात कुठनं आणलीसा?"

मी ताटली घेऊन आत गेले. आत जाऊन भजी मीच खाल्ली, लाजेनं भूक फार लागते.

परत आले तर साहेब शेडमधे स्टुलावर बसले होते. म्हणाले, काम चालू करा की, असं बसून काय बघायचं. मालननं चुलीवर मोठी कढई चढवली, तेल सोडलं आणि लवंगी मिरची टाकली. लवंगी भाजताना काय होतं हे ज्यानं बघितलंय त्याला पुढचं सांगायला नको. आधी जाऊबाईंची बहीण शिंकली. मग जाऊबाई. मग पारूकाकींना असा ठसका लागला की त्यांची कवळी हातात आली. नणंदबाई शेवटपर्यंत लढल्या, पदर तोंडात कोंबून, डोळे लाल, चंद्रकोर गालावर ओघळलेली. पण सातव्या शिंकेला त्यांनीही पाटी टाकली आणि बाहेर धावल्या. शेडमधे उरल्या कढई ढवळणारी मालन आणि देठं खुडणारी सोनाबाई. दोघींच्या नाकाचा शेंडासुद्धा हलला नाही.

साहेबांच्या डोळ्यांतून धारा चालल्या होत्या, पण ते स्टुलावरून उठले नाहीत. त्यांनी वही काढली, लिहिलं, आणि मला वाचून दाखवलं. ही त्यांची पद्धत. ज्याच्याबद्दल लिहायचं त्याला ऐकवल्याशिवाय ते वही मिटत नसत. लिहिलं होतं, 'प्रत्यक्ष कामावर दोन महिला आढळल्या. अन्य चार महिला नातेवाईक असून प्रेमापोटी उपस्थित होत्या.'

अर्ज परत आला.

त्या आठवड्यात मी घरात कुणाला बोलू दिलं नाही. आमचे हे एकदा म्हणाले की साहेबांनी खोटं काय लिहिलंय, तर त्यांना दोन दिवस आमटी अळणी मिळाली. मग मी ठरवलं, या माणसाची तक्रार करायची. लग्नातला शालू काढला, कारण तक्रार जबरदस्त व्हायला हवी होती, आणि कोल्हापूर गाठलं. शाहूपुरीतल्या त्यांच्या ऑफिसात मोठे साहेब होते. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ताई, लेखी द्या. कागद पुढं आला. घरून येताना मी पन्नास वाक्यं जुळवली होती. कागद बघितला आणि 'मा. साहेब' याच्यापुढं पेन सरकेना.

पलीकडच्या टेबलावरून कांबळेसाहेब उठून आले. म्हणाले, आणा, मी लिहितो.

खोटं सांगत नाही, त्या माणसानं स्वतःविरुद्धची तक्रार स्वतःच्या हातानं लिहिली. अक्षर असं की पत्रिकेला चालेल. मी सांगत होते आणि ते लिहीत होते. मधेच थांबून विचारलं, "वैनी, 'उद्धटपणे वागले' लिहू का 'अरेरावी केली' लिहू? उद्धटपणात चौकशी लवकर लागत न्हाय." मी म्हटलं, अरेरावी. त्यांनी लिहिलं. तारीख, खाली माझं नाव, सहीची जागा. मी सही केली. त्यांनी ती आवक खिडकीवर नेऊन शिक्का मारून आणला, एक प्रत मला दिली आणि एक स्वतःच्या वहीत ठेवली. शालूच्या आत मी घामानं चिंब भिजले होते.

मग खुर्ची ओढून म्हणाले, तक्रार झाली, आता धंद्याचं बोलू या काय?

तिथल्या शिपायानं मला चहा देताना त्यांच्या गोष्टी सांगितल्या. हे साहेब हजेरीपुस्तकावर भरवसा ठेवत नाहीत, काम अंगावर दिसतं म्हणतात. भट्टीवरचा माणूस भुवया करपलेल्या असतात त्यावरून ओळखतात. मागावरचा माणूस साध्या बोलण्यातही ओठांकडं बघतो, कारण दिवसभर खडखडाटात कान बंद असतात. चपला शिवणाऱ्याचा अंगठा बघतात. एका मोठ्या माणसानं पत्र्याचं गोडाऊन बांधून चाळीस कामगार दाखवले होते, सगळ्यांच्या डोक्यावर कंपनीच्या टोप्या. साहेबांनी टोप्या काढायला लावल्या. एकाच्याही केसांवर टोपीचा वळ नव्हता. टोप्या अर्ध्या तासापूर्वी चढलेल्या. त्या फाईलवर वरून बरेच फोन आले म्हणे. साहेब प्रत्येक फोनला, होय साहेब, या आणि डोकी बघून जावा, एवढंच म्हणाले. पुढची तीन वर्षं त्यांना चंदगडच्या डोंगरात काढावी लागली. हे ऐकूनही माझी अरेरावीची प्रत मी पर्समधेच ठेवली. इतकी मी तेव्हा कोवळी.

साहेबांनी मला विचारलं, तुमची चटणी घेतं कोण. मी म्हटलं सगळे कौतुक करतात. ते म्हणाले, कौतुक करणाऱ्यांची नावं नकोत, दुसऱ्यांदा मागायला आलेल्यांची सांगा. मी बोटांवर मोजत बसले. दोन नावं आली. त्यातली एक आमची व्याही मंडळी.

"मशीन माणसं आणत न्हाय, वैनी," ते म्हणाले. "गिऱ्हाईक माणसं आणतं. गुरुवारी वाडीला या."

गुरुवारी मी नरसोबाच्या वाडीला गेले. दत्ताचा वार, माणसांचा पूर. साहेब घाटाच्या वाटेवर एका दुकानाच्या पायरीवर बसलेले. मी विचारलं, दर्शन झालं का. ते म्हणाले, मी देवाला येत न्हाय, देवाला आलेली माणसं बघायला येतो. मला शेजारी बसवलं आणि तासभर एकच काम दिलं, परत चाललेल्या लोकांच्या हातात काय आहे ते बघायचं. तोंडं बघायची नाहीत, हात बघायचे. मी तोंडं बघणारी बाई, मला ते फार जड गेलं. पण हळूहळू दिसायला लागलं. पेढ्याचा पुडा. बासुंदीचा डबा. अंगाऱ्याची पुडी. कडेवर पोर. दुसऱ्या हातात म्हातारीचा हात. आणि माझी चटणी होती किलोच्या पिशवीत. किलोची पिशवी धरायला त्या गर्दीत एक हात मोकळा नव्हता.

"तळहातात मावंल एवढं करा," असं म्हणून ते उठले, पँट झटकली आणि गेले. चटणीचा दर काय, चव काय, एका शब्दानं विचारलं नाही.

मी घरी येऊन बोर्ड उतरवला. पाकिटं केली मुठीएवढी. वाडीच्या तीन दुकानदारांनी तोंड वाकडं करत ठेवून घेतली आणि पुढच्या गुरुवारी आणखी मागितली. बेळगावकडचे, सोलापूरचे, पुण्याचे लोक जाता जाता दोन-दोन उचलायचे. मशीन नव्हतंच. गावातल्या गिरणीवाल्याला गळ घातली, त्याचं दळप संपलं की दुपारचे चार तास त्याच्या मिरची कांडायच्या डंकावर कांडायचं. सोनाबाईनं आपली भावजय आणली. मग तिची शेजारीण आली, शेजारणीच्या ओळखीनं आणखी दोघी. गणपती गेले, दिवाळी आली, आणि दिवाळीच्या फराळात मी मोजल्या तर सहा बायका होत्या. एकीलाही मी बोलावून आणलेलं नव्हतं. कामानं ओढून आणल्या होत्या.

पण गिरणीवाल्याचा मुलगा मार्चनंतर तिथं पिठाचं नवं यंत्र बसवणार होता, मग डंक बंद. योजनेचं वर्षही मार्चला संपणार. मालनच्या मुलीची शाळा एप्रिलला सुटणार, आणि नवऱ्यानं तिकीट काढायची तारीखसुद्धा कळवली होती. मालन लसूण सोलता सोलता एकदम थांबायची आणि पाकळी हातात धरून बसायची. ठासून 'बारा' म्हणणारी मी होते. त्या पाकळीकडं बघवायचं नाही मला.

मी पुन्हा अर्ज केला. फेब्रुवारीत साहेब पाहणीला आले. या खेपेला मी नवी साडी नेसले नव्हते, शिराही केला नव्हता. दाराशी हात बांधून उभी राहिले, परीक्षेला बसलेल्या पोरीसारखी.

त्यांनी कढई बघितली नाही, हात बघितले नाहीत, काहीच नाही. एकेकीपुढं जाऊन फक्त विचारत गेले, उद्या काय करणार? सोनाबाई म्हणाली, ब्याडगी आलीया पाच पोती, ती निवडायची. भावजय म्हणाली, खोबरं किसायचं. तिसरी म्हणाली, वाडीची पाकिटं भरायची, परवा गुरुवार हाय न्हवं. असं करत साहेब मालनपाशी आले.

मालन उठून उभी राहिली आणि म्हणाली, "उद्या मला सुट्टी पायजे, सायेब. पोरीच्या शाळंत बोलावलंय."

सहाची अट, दारात साहेब, आणि ही बया त्यांच्याकडं सुट्टी मागते. मी डोळ्यांनी तिला खुणावत होते, तिचं माझ्याकडं लक्षच नाही. ती साहेबांकडं बघत होती, कारण तिला खरोखरच सुट्टी पाहिजे होती.

साहेबांनी विचारलं, सुट्टीचं मालकिणीला सांगितलंस काय. ती म्हणाली, न्हाय, आता सांगनार हुते, तुमी मदीच आलासा.

साहेब तिथंच भिंतीला टेकून उभे राहिले आणि वहीत लिहिलं. मला वाचून दाखवलं. 'सहा महिला नियमित कामावर आहेत.' त्यापुढं काहीतरी खोडलं होतं. मी विचारलं काय खोडलं. म्हणाले, 'एकीस उद्या रजा' असं लिहिलेलं, पण ते माझ्या अधिकारात येत न्हाय, तुमच्या येतंय.

मी त्यांना स्कूटरपर्यंत सोडायला गेले. पहिल्यांदा त्यांनी स्वतःबद्दल चार शब्द सांगितले. त्यांचे वडील इचलकरंजीला रोज सकाळी चौकात उभे राहायचे, डबा घेऊन, कुणीतरी कामाला नेईल म्हणून. आई कधी कधी विचारायची, उद्या काय. त्यावर वडील उठून बाहेर जायचे. "ज्याला उद्याचं म्हाईत असतं त्याला मी कामावरचा धरतो," साहेब म्हणाले. "आणि सुट्टी मागणारा तर शंभर टक्के. चौकात उभा असलेला माणूस सुट्टी कुणाकडं मागणार?"

स्कूटर तीन किकला चालू झाली. मला त्यांना ती तक्रार मागं घेते म्हणून सांगायचं होतं. तोंडातून शब्द फुटायच्या आत ते वळणावर गेले होते.

मार्च संपता संपता मंजुरी आली. मशीन आलं. मालन गेली नाही. मुलगी त्याच शाळेतून दहावी झाली. नवरा अजून पुण्यातच आहे, मालन म्हणते तिकडंच बरा हाय, सणाला आला की त्याची किंमत राहते.

फाईल मिटल्यावर मी साहेबांना जेवायला बोलावलं. ते आले, बायकोला घेऊन. मी सगळा जीव ओतून तांबडा-पांढरा रस्सा केला, आणि ताटात माझ्या चटणीचा डोंगर. साहेबांनी बोटाच्या टोकानं इवलीशी चटणी घेतली, जिभेला लावली, आणि त्यांच्या कानांच्या पाळ्या तांबड्या झाल्या. दोन पेले पाणी गेलं. त्यांच्या बायकोनं खालमानेनं सांगितलं की यांना तिखट अजिबात चालत नाही, घरी दूध-भाकरी खातात. तिनं लग्नानंतर वर्षभर यांना रडवलं, मग नाद सोडला. ज्या माणसानं माझी चटणी जिल्ह्याबाहेर पोचवली, त्यानं ती पहिल्यांदा त्या दिवशी चाखली होती, आणि ती शेवटचीच. पांढऱ्या रश्श्याबरोबर मात्र चार भाकरी खाल्ल्या. पत्नी म्हणाल्या, घरी दोन खातात.

त्यानंतर ते रिटायर झाले. मी वर्षातनं एकदा फोन करायची, ते 'किती झाल्या?' एवढं विचारायचे. मी बायकांचा आकडा सांगायची. मग ते बरं म्हणायचे आणि फोन ठेवायचे. वाडीच्या धंद्याचं बस्तान बसल्यावर मी आकडा फुगवून सांगायचा मोहही सोडला. पलीकडं तो माणूस स्टुलावर बसलाय असं वाटायचं.

गेल्या साली एका संध्याकाळी ते अचानक दारात उभे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यांवर काळा चष्मा, स्कूटर मुलानं विकून टाकलेली. कुरुंदवाडला कुणाच्या तरी लग्नाला आले होते, जाता जाता उतरले. शेड आता केवढी झालीय, तेवीस जणी आहेत, आसपासच्या चार गावांतून येतात. मी त्यांना आत चला म्हणत होते, ते नको म्हणत होते, फाटकातच आमचं बोलणं चाललं होतं. तेवढ्यात कामाची वेळ संपली.

कामावरून सुटणाऱ्या बायका म्हणजे उघडलेला बंधारा. साडेपाचची जयसिंगपूरकडं जाणारी एसटी फाट्यावर येऊन थांबते, ती चुकली की मग तासभर काही नाही. मालन आत कुलपं लावत होती, ती असती तर पुढचं झालं नसतं. पुढं धावत होत्या त्या सगळ्या नव्या पोरी. साहेबांना ओळखणारी त्यांच्यात एकही नव्हती. सगळ्यांत पुढची, वीस-बावीस वर्षांची, डब्याची पिशवी छातीशी धरून, साहेबांच्या अंगावरच आली आणि म्हणाली, "ओ काका, फाटकातनं बाजूला व्हा की. गाडी जाईल आमची."

मी तोंड उघडलं. अगं, हे कोण आहेत माहीत आहे का तुला, असं काहीतरी जिभेवर आलं होतं. साहेबांनी माझ्याकडं न बघताच हात आडवा केला आणि मला गप्प केलं. मग ते बाजूला झाले. एक पाय गटाराच्या कडेवर, पाठ भिंतीला चिकटलेली, दोन्ही हात अंगाशी. बायका त्यांच्यासमोरून गेल्या, ढकलाढकली करत, एकमेकींना शिव्या देत, एकीचा पदर त्यांच्या चष्म्याला लागून गेला. शेवटची लंगडत गेली, तिची चप्पल तुटली होती, ती हातात घेऊन. फाट्यावर कंडक्टर ओरडत होता. पोरी दारात लोंबकळल्या, आत ढकलल्या गेल्या, घंटी वाजली, गाडी हलली.

मग माझ्या लक्षात आलं. मी म्हटलं, साहेब, जयसिंगपूरला जायची तुमचीबी हीच गाडी होती की.

ते अजून भिंतीलाच टेकून होते, रस्त्याकडं बघत.

"व्हय," म्हणाले. "भरून गेली."